सिंहाच्या कपाळावरचे कुंकू

कामठी रस्त्यावर शेअर ऑटो जेथे प्रवासी भरण्यासाठी थांबतात, तेथून थोडे आत गेले की पंचफुलाबाईंचे अंगण लागते. अंगण कसले, सिमेंटच्या सिंहांचा कळपच तो. कोणी बसलेला, कोणी उभा, कोणी अजून रंग न लागलेला आणि राखाडी. आपल्या विदर्भात माणूस घर बांधतो तेव्हा फाटकाच्या दोन खांबांवर दोन सिंह बसवतो, मग तो माणूस कापसाचा व्यापारी असो की तलाठी. ते सिंह पंचफुलाबाई तयार करतात. त्यांचे यजमान नानाजी हयात असताना साचे ते बनवत आणि त्यांत सिमेंट-वाळूचा मसाला बाई भरत. नानाजी गेले, साचे उरले, आणि बाईंनी काम सोडले नाही.

या कामात एक रीत होती, ती आधी सांगितली पाहिजे. अंगणातून सिंह निघाला की वाटेत त्याला नजर लागू नये म्हणून त्याच्या तोंडावर फडके बांधायचे, आणि फडके बांधण्याआधी त्याच्या कपाळाला कुंकू लावायचे. लेक सासरी जाताना लावतात, तसे. नानाजींच्या काळात हे कुंकू पंचफुलाबाईच लावत असत. ज्या दिवशी नानाजींना घाटावर नेले, त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी पंचफुलाबाईंना याच अंगणात बसवले आणि त्यांच्या कपाळावरचे कुंकू पुसून टाकले. त्या 'नको' म्हणाल्या नाहीत. म्हणण्याची सवडच कोणी दिली नाही.

पुढे पहिला सिंह निघाला तेव्हा त्यांनी सवयीने करंड्यात बोट घातले. शेजारच्या हर्षाबाई कुंपणावरून ओरडल्या, "अवं, तू काहून लावून राहिली? गिऱ्हाइकाच्या घराले अपशकुन होईन ना! थांब, येऊन राहिली मी."

तेव्हापासून सिंह घडवायचा पंचफुलाबाईंनी आणि कुंकू लावायचे हर्षाबाईंनी, असे ठरून गेले. साच्यातून निघालेल्या सिंहाचा जबडा ज्या हातांनी कोरला, पंजे काढले, आयाळीची एकेक बट वळवली, ते हात कपाळापुरते अशुभ! हा कोणत्या शास्त्राचा न्याय, हे विचारणारे त्या गल्लीत कोणी निघाले नाही. हर्षाबाई वाईट नव्हत्या. त्या हातातले काम टाकून धावत येत, हसत कुंकू लावत आणि चहा पिऊन जात. पण चांगल्या माणसांच्या हातून असा अन्याय व्हावा, याचीच अधिक चीड येते.

एके दिवशी यमुताई अंगणात आल्या. त्या निवृत्त शिक्षिका, धर्माने ख्रिस्ती. कामठीकडच्या एका वस्तीत त्यांचे लहानसे चर्च आहे. तेथे रविवारी मुलांचा वर्ग त्याच घेतात. चर्चला नवे फाटक झाले होते आणि एका खांबावर सिंह बसवावा, असे मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, ठरवले होते.

"जोडी घ्या ना बाई," पंचफुलाबाई म्हणाल्या. "एकटा सिंह बरा नाही दिसत."

"एकच हवा. आणि त्याला पंख हवेत."

"पंख?" पंचफुलाबाईंनी थापी खाली ठेवली. "बाई, सिंह आहे का कोंबडा आहे जी तो?"

यमुताई पोट धरून हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितले. प्रभू येशूचे चरित्र चौघांनी लिहिले. त्यांतल्या मार्क नावाच्या लेखकाची खूण म्हणजे पंख असलेला सिंह. मार्काच्या लिखाणाच्या आरंभीच अरण्यात हाक मारणाऱ्या एका माणसाचा आवाज आहे, आणि अरण्यात सगळ्यांत मोठी हाक सिंहाची. त्यांचे चर्च मार्काच्या नावाचे होते, म्हणून हा सिंह.

पंचफुलाबाईंनी काम घेतले. परंतु साच्यातून पंख निघणार नव्हते. हा सिंह सळई वाकवून, जाळी बांधून हाताने उभा करावा लागणार होता. आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की जन्मभर सिंह विकूनही आपण खरा सिंह कधी पाहिलेलाच नाही. त्यांचे माहेर पारशिवनीकडचे. तिकडच्या जंगलात वाघ. वाघाची भीती त्यांना लहानपणापासून ठाऊक होती, सिंह मात्र नानाजींनी साच्यात दाखवला तेवढाच.

मग दोघी जणी शहरातल्या प्राणिसंग्रहालयात गेल्या. सिंह म्हातारा होता. एका झाडाच्या सावलीत तो कुशीवर झोपला होता आणि त्याच्या पोटाखालची कातडी सैल लोंबत होती. साच्यातल्या सिंहाचे कान आयाळीत बुडालेले असत, याचे दोन्ही कान स्पष्ट दिसत होते. पंचफुलाबाई जाळीला लागून बघत राहिल्या. इतक्यात चांगल्या कपड्यांतला एक गृहस्थ मोबाइल उंच धरून ओरडू लागला, "अबे उठ ना! झोपूनच राहिला लेकाचा! गर्ज ना एक बार!" आणि त्याने शेंगांचे टरफल भिरकावले.

"ए बाबू!" पंचफुलाबाईंचा आवाज असा चढला की लहान मुले गप्प झाली. "घरी तुह्या बुढ्याले झोपेतून असाच उठवतं का तू?"

"अरे मावशी, तिकीट काढलं आहे आम्ही."

"तिकीट पाहाचं काढलं आहे. मारून पाहाचं नाही काढलं."

तो गृहस्थ हसत निघून गेला. सिंहाने एक डोळा उघडून पुन्हा मिटला. माणसाने या जनावराला नाण्यावर बसवले, राजाच्या आसनाला त्याचे नाव दिले, देवीला वाहन म्हणून दिले, आणि जिवंत सिंह समोर आला की त्याला टरफले मारली! यमुताई म्हणाल्या की एके काळी सिंह मध्य हिंदुस्थानातही फिरत होते, पण शिकाऱ्यांच्या हौसेपायी संपले. आता ते गुजरातच्या एका जंगलात तेवढे राहिले आहेत. परतताना ऑटोत पंचफुलाबाई एकदम म्हणाल्या, "आपण त्याले मारून टाकलं, अन् मंग सिमेंटचा करून दारावर बसवला. वा रे आपण!"

त्याच ऑटोत यमुताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. जुन्या काळचे ख्रिस्ती लोक असे मानत की सिंहिणीला पिल्लू होते ते मेलेलेच असते. तीन दिवसांनी सिंह येतो, पिल्लावर श्वास फुंकतो आणि ते जिवंत होते. प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, म्हणून सिंह ही त्याची खूण.

"असं होते का खरंच?"

"नाही होत. मांजरीला होतात तशीच जिवंत पिल्लं होतात. उलट नवा नर आला तर तो जुन्याची पिल्लं मारतोसुद्धा."

"मंग काहून सांगता जी खोटं?"

"खोटं नाही, पंचफुलाबाई. त्यांना सिंह माहीत नव्हता, पण मेलेलं उठावं असं त्यांना वाटत होतं."

पंचफुलाबाईंनी हलक्या आवाजात विचारले, "बाई, तुमचे मालकही नाहीत ना? मंग तुमच्यात, शुभकार्यात, तुम्हाले मागं नाही बसवत?"

"आमच्या चर्चमध्ये विधवेला कोणी मागे बसवत नाही," यमुताई अभिमानाने म्हणाल्या. "सवाष्णीला जे करता येतं, ते सगळं मला करता येतं."

हे वाक्य पंचफुलाबाईंनी जपून घरी नेले.

सिंह तयार झाला. कान दिसत होते, पोटाखाली कातडीची घडी होती आणि खांद्यांतून दोन पंख निघाले होते. पंखांचे वजन पेलावे म्हणून त्यांनी सळई पाठीच्या आरपार घातली होती आणि कितीतरी दिवस सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारले होते. पुढच्या उजव्या पंजाखाली मिटलेले पुस्तक होते. त्यांचा भाचा धर्मेंद्र मालवाहू ऑटो घेऊन आला आणि दोनदा प्रदक्षिणा घालून म्हणाला, "मावशी, हा तं उडून जाईन गा रस्त्यात! दोरी पक्की बांधा लागते."

नेण्याच्या वेळी हर्षाबाई करंडा मागत कुंपणापाशी आल्या. पंचफुलाबाई म्हणाल्या, "राहू दे वं. हा तिकडं जाऊन राहिला. तिकडं चालते." आणि नानाजींच्या मागे पहिल्यांदा त्यांनी करंड्यात बुडवलेले आपले बोट सिंहाच्या कपाळापर्यंत नेले. त्यांनी कुंकू तेलात कालवून असे भरघोस लावले की ते सहजी उडू नये. मग फडके बांधले.

चर्चच्या फाटकापाशी मंडळीची बरीच माणसे जमली होती. पाळक, म्हणजे तेथले धर्मगुरू, सौरव नावाचे तरुण गृहस्थ होते. मंडळीचे चिटणीस वसंतराव हे पुढे होऊन हुकूम सोडणारे. सिंह खाली उतरवला गेला. पंख पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. वसंतरावांनी फडके सोडले आणि ते तसेच हातात धरून उभे राहिले.

"हे काय आहे?"

"कुंकू," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"ते दिसून राहिलं मले. हे देऊळ आहे का? पूजा करून आणला तुम्ही!"

"पूजा नाही जी. पाठवणी केली."

"पाठवणी-बिठवणी काही नाही. हे इथं नाही चालत." वसंतरावांनी नळाखाली फडके ओले केले आणि त्यांच्यापुढे धरले. "पुसा."

येथे वसंतरावांची बाजूही सांगितली पाहिजे. मूर्तीची पूजा करू नये, हा त्यांच्या धर्माचा नियम. चर्चच्या दारातच तो मोडलेला दिसावा, हे त्यांना सहन होणे शक्य नव्हते. हे सगळे खरे. परंतु चारचौघांसमोर, ओले फडके हातात देऊन, एका विधवेला 'कुंकू पूस' म्हणणे! बोलणाऱ्याला त्या शब्दांचे वजन कळू नये? तोही याच मातीत वाढला होता. त्याच्या शेजारीही कुंकू पुसले जात होते आणि रडणे त्याच्याही कानांवर येत होते.

पंचफुलाबाईंनी फडके घेतले नाही. त्या सिंहाला पाठ लावून उभ्या राहिल्या.

"मी नाही पुसत."

"मावशी," पाळक समजुतीने म्हणाले, "तुमच्या भावनेचा अपमान नाही. पण लोक मला विचारतील ना."

"मलेही विचारलं नव्हतं कोणी!" पंचफुलाबाई कडाडल्या. "माह्यं पुसलं तेव्हा चार जणींनी हात धरले होते. तेव्हापासून मी केलेल्या लेकराले मीच कुंकू लावाचं नाही! गल्ली म्हणते, तुह्या हातानं अपशकुन होते. या बाई म्हणाल्या, आमच्या इथं विधवेले सगळं चालते. म्हून लावलं. अन् तुम्ही म्हणता, पूस! तिकडं लावू देत नाही, इकडं राहू देत नाही. मंग हे हात फक्त मसाला कालवाले आहेत का जी?"

यमुताईंचा चेहरा उतरला होता. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी अर्धंच सांगितलं. पंचफुलाबाई, आमच्यात लेकराचा बाप्तिस्मा होतो तेव्हा कपाळावर पाणी घालतात. तसं मी थोडं पाणी घालते. ते पुसणं होणार नाही."

"नाव दुसरं, काम तेच," पंचफुलाबाई म्हणाल्या. "बाई, तुम्हीही? धर्मेंद्र, उचल गा सिंह. वापस नेतो आपण."

"मावशी, एवढा भारी..."

"उचल म्हटलं ना!"

धर्मेंद्रने पंखाला हात घातला. तेव्हा यमुताई ऑटोच्या मागच्या फळीपाशी जाऊन आडव्या उभ्या राहिल्या. त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, हा सिंह गेला तर रविवारी मुलांना मी काय शिकवू? आपल्याकडे विधवेला मान आहे म्हणून? मला नाही शिकवता येणार. दुसरी शिक्षिका बघा."

"हे ब्लॅकमेल आहे, यमुताई!" वसंतराव म्हणाले.

"असेल."

पाळकांनी सिंहाच्या कपाळाकडे पाहिले. ते नरखेडकडच्या एका खेड्यात वाढले होते. त्यांच्या आजीने घराबाहेर पडणाऱ्यांच्या कपाळाला बोट टेकवून निरोप दिलेला त्यांनी पाहिला होता. शेवटी ते म्हणाले, "मावशी, एकच सांगा. तुम्ही याच्यापुढे हात जोडले का?"

"आपल्या लेकराच्या पाया कोणी पडते का?" पंचफुलाबाई फणकारल्या.

"मग ही पूजा नाही. पाठवणी आहे, असंच मी रविवारी मंडळीला सांगेन. सिंह चढवा."

वसंतरावांनी फडके नळावर आपटले आणि ते फाटकाबाहेर गेले. दोन-तीन माणसे त्यांच्या मागे गेली. उरलेल्यांनी धर्मेंद्रला हातभार लावला आणि सिंह हळूहळू खांबावर चढला. यमुताईंनी चहा आणला. तो पंचफुलाबाईंनी घेतला नाही. राग एका शब्दाने जाण्यासारखा नव्हता, आणि तो का जावा? त्या स्वतः शिडीवर चढल्या आणि पंजांच्या भोवती मसाला भरू लागल्या.

थोड्या वेळाने वसंतराव परतले. गेलेली माणसे आपापल्या घरी गेली होती, पण हे चिटणीस होते, आणि फाटकाला कुलूप लावल्यावाचून त्यांना घरी जाता येत नव्हते. शिडी डगमगत होती. त्यांनी ती एका हाताने धरली आणि वर न बघता पुटपुटले, "काही हरकत नाही. उन्हानं जाईनच ते आपोआप."

"जाईन तं जाईन," वरून पंचफुलाबाई म्हणाल्या. "पण कोणी फडकं घेऊन चढलं तं मी येऊन पाहीन. तुम्ही शिडी नीट धरा, अन् तो मसाला द्या इकडं. सुकून राहिला."