साडेदहाच्या आतलं लग्न

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका शुक्रवारी, राहात्याजवळच्या एका मंगल कार्यालयात एक लग्न ठरलेल्या वेळी लागलं. मंगलाष्टकांआधी एकाही पाहुण्याचं नाव माइकवरून घेतलं गेलं नाही. या तालुक्यात मी बरीच वर्षं बातमीदारी करतो. या दोन्ही गोष्टी एकाच लग्नात घडलेल्या मी त्याच दिवशी पहिल्यांदा पाहिल्या. माइक गुरुजींच्या हातात होता.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आणि आमच्या भागातल्या लग्नांचे निवेदक. तुम्हीही अशा लग्नात बसला असाल. पत्रिकेवरचा मुहूर्त उलटून गेलेला, अक्षता मुठीत घामेजलेल्या आणि माइकवर स्वागत चालू. सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, नवरीचे मामा, नवऱ्याच्या मावशीचे यजमान. ज्याचं नाव येतं तो अर्धवट उठतो, हात जोडतो, बसतो. परक्या माणसाला हा वेळ फुकट गेला असं वाटतं. आमच्याकडे लग्न त्यासाठीच असतं.

गुरुजींची पद्धत वेगळी होती. ते माइक तोंडापासून वीतभर लांब धरायचे आणि दुसऱ्या हाताचा पंजा कपाळावर आडवा धरून मांडवात बघायचे, शेतकरी बांधावरून लांबचा माणूस बघतो तसे. माणूस सापडला की मगच नाव. न आलेल्या पुढाऱ्यांची नावं घेणारे निवेदक पुष्कळ आहेत. गुरुजी म्हणायचे, "दिसल्याशिवाय नाव घेत न्हाई मी. नाव काय हवेत फेकायची वस्तू हाय?"

माइकवर ते पुस्तकी बोलायचे. माइक खाली ठेवला की राहात्याचे व्हायचे.

माझ्या बातमीत कुणाचं नाव राहिलं की त्यांचा फोन यायचा. "तुमचं बरंय. राहिलं तर उद्या दुरुस्ती छापता. आमचं राहिलं की दहा वर्षं राहतं."

एकदा त्यांच्याकडून राहिलं. नवरीच्या थोरल्या मामाचं. मामा न जेवता निघून गेले. गुरुजींना हे पंगतीत बसताना कळलं. ते पानावरून उठले, मोटारसायकल काढली आणि भर उन्हात मामांच्या वस्तीवर गेले. मामा ओट्यावर बसले होते. गुरुजी म्हणाले, "तुमी उपाशी आलात, मी पण उपाशीच हाय. काय असंल ते दोघांना वाढायला सांगा." मामींनी पिठलं टाकलं. दोघं जेवले. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिली नाही. ते मामा पुढे स्वतःच्या मुलाच्या लग्नात निवेदनाला गुरुजींनाच बोलवायला आले.

आता त्या शुक्रवारविषयी.

मुलगी राहाता तालुक्यातली, वडिलांची पेरूची बाग. मुलगा कोईमतूरचा. दोघं पुण्यात एका कंपनीत होते. लग्न मुलीकडे, पण मंगळसूत्राऐवजी ताली बांधायची आणि ती साडेदहाच्या आत, एवढी एकच अट मुलाकडून होती. शुक्रवारी साडेदहाला राहुकाळ लागतो. तो लागला की त्यांच्यात ताली बांधत नाहीत.

मुलीकडच्यांनी ही अट आनंदाने मान्य केली होती. आमच्याकडे मुहूर्त पत्रिकेवर छापण्यासाठी असतो, त्यामुळे मान्य करायला अडचण आली नाही.

सकाळी कोईमतूरची मंडळी नाश्ता करून, रेशमी कपडे घालून ओळीने बसली होती. त्यांचे नादस्वरवाले वाद्यं मांडून तयार होते. आमची मंडळी बाहेर गाड्या लावत होती. आणि साखर कारखान्याचे अध्यक्ष यायचे होते. मुलीचे वडील घरी जाऊन त्यांना बोलावून आले होते. मुलीचा भाऊ कारखान्यात हंगामी कामाला होता.

अध्यक्षांच्या माणसाचा फोन आला: "निघालोय." मुलीच्या काकांनी व्याह्यांना सांगितलं, "आलेच." व्याह्यांनी मान हलवली आणि फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. बराच वेळ ते तसेच उभे होते. 'आलेच' म्हटल्यावर माणूस दिसायला हवा, असा त्यांचा समज होता.

मग ते व्यासपीठावर आले. हिंदीत, अगदी शांतपणे म्हणाले, "गुरुजी, साढ़े दस हो गया तो आज शादी नहीं होगी. मैं माँ को लेकर कमरे पर जाऊँगा. अगला मुहूर्त देखेंगे."

काका भडकले. "धमकी देतोय व्हय हा? आपल्या दारात?"

"धमकी न्हाई," गुरुजी म्हणाले. "माहिती देतोय. त्यांच्यात आधी सांगत्यात. आपल्यात मागनं कळतं."

मुलीचे वडील मध्ये आले. त्यांचा फेटा एका बाजूला सरकला होता. "गुरुजी, पाया पडून बोलावलंय मी अध्यक्षांना. त्यांच्याआधी लग्न लागलं तर तोंड कुठं दाखवू? पोराचं काम हाय तिथं."

गुरुजींनाही हे ठाऊक होतं. कारखान्याचे गळीत हंगामाचे कार्यक्रम, संचालकांच्या घरची लग्नं, सगळीकडे तेच माइक धरायचे.

त्यांनी व्याह्यांच्या म्हाताऱ्या आईकडे पाहिलं. ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती. दीड दिवस रेल्वेत बसून आली होती.

"अण्णा, माझ्यावर टाका," ते मुलीच्या वडिलांना म्हणाले. "म्हना, गुरुजीनं ऐकलंच न्हाई."

वडील काही बोलले नाहीत. आमच्याकडे त्याचा अर्थ होकार असा होतो.

गुरुजींनी माइक घेतला. "मंडळी, आज मी कुणाचंही नाव घेणार नाही. कोईमतूरचे पाहुणे दीड दिवस प्रवास करून आले आहेत. त्यांच्याकडे पाहुण्याला नाव घेऊन मान देत नाहीत, वेळ पाळून देतात. आज आपण त्यांना त्यांच्या रीतीने मान देऊ. उभे राहा."

मांडवात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "अन् आमचं काय, गुरुजी?"

"तुमचं पंगतीत," गुरुजी माइकवरच म्हणाले. लोक हसले आणि उभे राहिले. अंतरपाट धरला गेला.

तिसरं मंगलाष्टक चालू असताना अध्यक्षांची गाडी आत आली. मुलीच्या वडिलांनी हाताने व्यासपीठाकडे खुणा केल्या. अर्धा मांडव दाराकडे बघत होता, अर्धा माइककडे. गुरुजींचा पंजा कपाळाशी गेला. त्यांनी अध्यक्षांना पाहिलं, हे मीही पाहिलं. मग हात खाली आला. त्यांनी चौथं अष्टक सुरू केलं. अध्यक्ष दाराशी बायकांच्या घोळक्यात उभे होते. कुणीतरी खुर्ची आणली. ते बसले नाहीत.

ताली साडेदहाच्या आत बांधली गेली. नादस्वर असा वाजला की बाहेरचे ड्रायव्हर आत बघायला आले.

जेवणाच्या वेळी गुरुजी माइकशिवाय पंगतीतून फिरले. प्रत्येकासमोर थांबायचे, शेजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पूर्ण नाव, गाव, हुद्दा घ्यायचे आणि हात जोडायचे. दुसऱ्या पंगतीपासून कोईमतूरचे व्याही त्यांच्या मागे चालू लागले. त्यांना एकही नाव उच्चारता येत नव्हतं. गुरुजींचं बोलून झालं की ते हात जोडायचे. पहिल्या पंगतीतल्या एका आजोबांनी तक्रार केली, "आमच्या येळंला हे पाहुणं न्हवतं." दोघं परत त्या आजोबांकडे गेले.

अध्यक्ष पंगतीत नव्हते. "जेवून आलोय," असं सांगून, वधूवरांना आशीर्वाद देऊन ते निघाले. गुरुजी त्यांना फाटकाशी गाठायला धावले.

"गुरुजी, मी दिसलो न्हाई का तुमाला?"

"दिसलात."

"मग?"

"अष्टक चालू हुतं, साहेब."

अध्यक्ष गाडीत बसले. काच वर गेली.

त्या दिवाळीनंतरच्या लग्नसराईत संचालकांच्या घरी तीन लग्नं झाली. निवेदक दुसरा होता. गळीत हंगामाच्या कार्यक्रमालाही दुसराच. गुरुजींना कुणी काही सांगितलं नाही. रस्त्यात भेटले तर लोक पूर्वीसारखेच नमस्कार करायचे, चहाला थांबवायचे. मी विचारलं, "तुम्हाला कारण कळवलं का?"

"बोलावलं न्हाई म्हंजे कळवलंच की."

मग त्यांनी मलाच विचारलं, मुलीच्या भावाचं काम टिकलं का. मी चौकशी केली. टिकलं होतं.

"झालं तर," ते म्हणाले. "माझ्यावर टाकलं हुतं, माझ्यावरच राहिलं." थोड्या वेळाने म्हणाले, "परत असलं लग्न आलं तर परत तसंच करीन."

तशी लग्नं आली. एक बिहारकडचं स्थळ, एक केरळचं. दोन्ही घरांनी गुरुजींनाच बोलावलं. ते आधी दुसऱ्या बाजूच्या वडीलधाऱ्यांना गाठायचे आणि एकच विचारायचे: "तुमच्यात माणसाला वाईट कशाचं वाटतं?" केरळच्या वधूपित्याने विचार करून सांगितलं, "जेवताना कुणी घाई केली तर." गुरुजींनी वाढप्यांना तसं बजावलं.

मोठ्या घरांतून मात्र निवेदनाचं बोलावणं आलं नाही. तिथल्या लग्नांना गुरुजी इतरांसारखे पाहुणे म्हणून जायचे. मधल्या रांगेत बसायचे आणि नाव घेतलं गेलं की अर्धवट उठून हात जोडायचे.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ते घरीच वारले. दशक्रिया गोदावरीच्या घाटावर झाली. कोईमतूरचे व्याही मुलासुनेसह आले. सांगितलेल्या वेळेच्या बरेच आधी घाटावर येऊन बसले होते. प्रवचन झालं, मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. नगरपासून कोपरगावपर्यंतचे लोक होते. निवेदक आलेल्यांची नावं घेत होता.

कारखान्याचे अध्यक्ष भाषणं सुरू झाल्यावर आले. निवेदकाने त्यांना पाहिलं आणि माइक तोंडाजवळ नेला. अध्यक्षांनी लांबूनच हात आडवा हलवून त्याला थांबवलं. ते मागच्या सतरंजीवर, लोकांत बसले. त्यांचं नाव घेतलं गेलं नाही.