लफ्ताच्या होडीची जागा

चासिबच्या शेजारी होडी बांधायची म्हणजे वर्षातली एकुलती एक सुट्टी हातात काठी धरून काढायची. मी हे दर वर्षी त्याला तोंडावर ऐकवायचो. त्याचंही उत्तर ठरलेलं. "मतरूद, तुला कुणी आमंत्रण दिलंय? जा की तिकडे, हाजी उबैदच्या मांडीवर बस." मी जायचो नाही. मी गेलो असतो तर त्याच्या दोरीचं दुसरं टोक कुणी धरलं असतं?

सुबूर मासा समुद्रातून शत्तमध्ये, म्हणजे आमच्या नदीत, चढायला लागला की पहिल्या शुक्रवारी आम्ही सगळे छोट्या होड्यांवाले नदीकाठच्या बागेत जमतो. बायकापोरं रस्त्याने येऊन हिरवळीवर चटया टाकतात. पुरुषाने मात्र पाण्यातूनच यायचं, आपल्या होडीने. पहिली होडी हाजी उबैदची. ती काठावरच्या खजुराच्या बुंध्याला बांधायची. दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला, अशी कडेला कड लावून रांग पार नदीत जाते. मग दिवसभर या होडीतून त्या होडीत जायचं, याचा मासा खायचा, त्याचा चहा प्यायचा, आणि तिसऱ्याच्या इंजिनाला नावं ठेवायची. बसऱ्यात पूल झाले, आमचं गिऱ्हाईक आटलं, तरी हा शुक्रवार कुणी चुकवत नाही.

जो माणूस दूर गेला आहे त्याची जागा रांगेत मोकळी ठेवायची, ही आमची रीत. एका होडीएवढी फट सोडायची आणि दोन्ही बाजूच्या होड्या लांब दोरीने जोडायच्या. माणूस परत आला की आपल्या जागी होडी घालतो. मेल्याची खबर आली तर त्याच्या घरचा माणूस सगळ्यांसमोर ती दोरी स्वतः ओढतो, होड्या एकमेकींना भिडवतो, गाठ मारतो, आणि मग मेलेल्यासाठी फातिहा वाचतात. दुसऱ्या कुणी त्या दोरीला हात लावायचा नाही. लढाईनंतरच्या वर्षांत आमची रांग दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखी दिसायची. मग एकेक फट बुजत गेली. राहिली ती एकच, माझ्या आणि चासिबच्या होडीमधली. ती लफ्ताची.

लफ्ता म्हणजे चासिबचा थोरला भाऊ. खाली समुद्राजवळचं फाव गाव लढाईमुळे रिकामं होत होतं आणि लफ्ताची सासू तिथे एकटी अडकली होती. त्याचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. बायको, बद्रिया, रात्रंदिवस आईच्या नावाने रडायची. लफ्ता म्हणाला, ओहोटीला निघतो, म्हातारीला घेऊन भरतीबरोबर येतो. चासिब तेव्हा मिसरूड न फुटलेला पोरगा. त्याने भावाच्या होडीला पायाने ढकलून पाण्यात लोटलं. दुसऱ्याच दिवशी सासूबाई लष्कराच्या लॉरीतून कोंबड्यांसकट दारात उतरल्या. रस्त्याने त्या आल्या आणि नदीने तो गेला. तो गेला तो गेलाच. ना होडी सापडली, ना वल्हं, ना कुणी काही पाहिलं.

तेव्हापासून चासिब वाट बघतो आहे. वाट बघणं हा काही कामधंदा नव्हे, पण चासिबने तो नेकीने केला. दिवसा तो ऐलतीराहून पैलतीराला माणसं पोचवायचा, लग्न केलं, मुली झाल्या, मुलींची लग्नं केली. आणि हे सगळं एका हाताने केल्यासारखं, दुसरा हात भावासाठी मोकळा ठेवून. घराचं दार दर वर्षी त्याच हिरव्या रंगाने रंगवायचा. गल्लीतल्या सगळ्यांनी लोखंडी दरवाजे बसवले, याने नाही. का रे, विचारलं तर म्हणायचा, "लफ्ता आला तर घर कसं ओळखेल?" दुसरीकडे चांगलं घर चालून आलं होतं, तेही त्याच कारणाने सोडलं. लढाई संपून शत्रूच्या मुलखातून कैदी सुटून आले तेव्हा हा प्रत्येक बसच्या दारात उभा राहिला. एकदा मी त्याला चिडवलं, "तुझ्या भावाने तुला बिनमिशीचा पाहिलाय. ही एवढी झुडपं घेऊन उभा राहिलास तर तो तुझ्यासमोरून निघून जाईल." दुसऱ्या दिवशी चासिब मिशी काढून आला. बसऱ्यात बिनमिशीच्या म्हाताऱ्याला लोक काय काय बोलतात ते मी इथे लिहीत नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि मिशी परत ठेवली नाही.

बद्रियावहिनी त्याच्याच घरी राहिली. सुरुवातीला वडीलधाऱ्यांनी सुचवून पाहिलं, की चासिबनेच तिच्याशी लग्न करावं. चासिब म्हणाला, "ती माझ्या भावाची बायको आहे." विधवा हा शब्द त्याने घरात कुणाला उच्चारू दिला नाही. बाईची मात्र त्यामुळे सगळीकडून पंचाईत. लग्नघरी संसारवाल्या बायका तिला बाजूला बसवायच्या, मयताच्या घरी विधवा तिला आपल्यात घ्यायच्या नाहीत. ती दर वर्षी बागेत यायची, फट दिसेल अशा जागी चटई टाकायची, आणि आम्हाला तंदुरातला सुबूर पाठवायची. तिच्या हातचा मासा खाल्ला की दुसऱ्याच्या घरी जेवायला जाऊ नये असं वाटतं.

या वर्षी ती आली तेव्हा चासिबच्या धाकट्या मुलीने तिला धरून आणलं. हिवाळाभर ती अंथरुणातच होती. डॉक्टरने हृदयाचं काहीतरी सांगितलं होतं. मी चासिबला विचारलं, "वहिनी बरी आहे ना?" तर म्हणाला, "काठी नीट धर, होडी सरकतेय." पाण्याला ओढ असली की होड्या आपोआप एकमेकींकडे येतात, आणि मग आम्ही दोघं चिखलात काठ्या रोवून त्यांना लांब धरतो. भरती पुरी व्हायला आली, पाणी थबकलं, तेव्हा कुठे मी काठी चिखलात रोवून ठेवली आणि मासा पुढ्यात घेतला.

सुबूर खाताना माणसाने बोलू नये. एवढे काटे दुसऱ्या कुठल्या माशाला नसतील. तोंड भरलेलं असताना मी पाहिलं, की एक पांढरी फायबरची होडी रांगेच्या कडेने आमच्याकडे येते आहे. गझवान. बाजारात मोबाईलचं दुकान आहे त्याचं, पोट सुटलेलं, डोळ्यांवर काळा चष्मा. हौसेने होडी घेतली आणि मेळाव्याला पहिल्यांदाच येत होता. रांगेजवळ इंजिन बंद करायचं एवढा नियम त्याला कुणीतरी शिकवला होता, आणि नेमका तेवढाच शिकवला होता. होडी बिनआवाजाची सरकत आली. मी हातवारे केले. त्याला वाटलं, मी बोलावतोय. त्याने हसून हात हलवला आणि होडी सरळ लफ्ताच्या जागेत घातली.

चासिबची त्याच्याकडे पाठ होती. तो शेगडीवर किटली ठेवून वाकला होता. गझवानची होडी त्याच्या होडीला कडेने लागली, टक्क करून. होडी होडीला टेकते तो धक्का आमच्यापैकी कुणालाही झोपेतसुद्धा ओळखू येईल.

चासिबने मागे वळून पाहिलं नाही. अगदी हळू, बाजारातून आलेल्या माणसाला विचारावं तसं म्हणाला, "आलास?"

मग म्हणाला, "बस. चहा होतोच आहे." आणि पेटीतून आणखी एक ग्लास काढून त्याने त्यात साखर घातली.

आजूबाजूच्या होड्यांमधले सगळे वळून बघायला लागले. मी तोंडातला घास काट्यांसकट हातावर काढला, पण तोवर उशीर झाला होता. चासिब ग्लास घेऊन वळला. गझवानने चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाला, "काका, मी येणार हे कसं ओळखलंत? जागासुद्धा धरून ठेवलीत. देव तुमचं भलं करो."

चासिबने त्याच्याकडे बघितलं.  मग हात लांब करून त्याने तो चहा गझवानलाच दिला. गझवानने तो पिऊनही टाकला. तेवढ्यात हाजी उबैदने लांबून हाक मारली, "ए बाबा, तू इकडे ये, माझ्यापाशी." गझवान वल्ह्याने होडी मागे घेत बाहेर पडला. वाटेत कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं असावं. तो तसाच परत आमच्याजवळ आला, चेहरा पार उतरलेला. "काका, मला खरंच माहीत नव्हतं."

"तुझा काय दोष रे," चासिब म्हणाला. "साखर बरोबर होती ना?"

काठावर बद्रियावहिनी उठून उभी राहिली होती. लफ्ता गेल्यापासून तिने होडीत पाय ठेवला नव्हता. आता तिने अंगावरचा काळा अबाया आवरून धरला आणि हाजी उबैदच्या होडीत उतरली. तिथून पुढच्या, तिथून त्याच्या पुढच्या. होडीहोडीतले पुरुष बाजूला होत होते, आधाराला हात पुढे करत होते. दोनदा ती छाती धरून थांबली. माझ्या होडीपर्यंत आली आणि पुढे पाणी होतं, म्हणून तिथेच उभी राहिली.

"चासिब, तू काय म्हणालास ते होडीहोडीतून माझ्या कानांवर आलं."

"काही नाही म्हणालो, वहिनी. तुम्ही खाली बसा आधी."

"आलास म्हणालास."

चासिब शेगडीतले कोळसे हलवत राहिला.

"मी पण म्हणते," ती म्हणाली. "दार वाजलं की म्हणते. कधी दूधवाली असते, कधी तुझी पोर असते. इतकी वर्षं दाराला आलास आलास म्हणून दमले रे मी."

"पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षी मी नसेन. डॉक्टर बोलला तेव्हा तू तिथेच होतास, भिंतीकडे बघत." तिचा आवाज चढला नाही. "मला इद्दत पाळायची आहे, विधवेने पाळायचे ते दिवस. त्याच्या नावाचा फातिहा माझ्या कानांनी ऐकायचा आहे. सगळ्या बायका नवऱ्यासाठी रडल्या, मीच राहिले. मला त्याची विधवा होऊन मरू दे, चासिब. अशी अधांतरी नको."

"आणि मी दोरी ओढली आणि तो आला तर?"

हे त्याने असं विचारलं, की मला तो पुन्हा बिनमिसरुडीचा पोरगाच वाटला.

"आला तर पहिली मी त्याच्या कानशिलात देईन, एवढा उशीर कुठे लावलास म्हणून," बद्रियावहिनी म्हणाली. "मग तू गाठ सोड आणि त्याला जागा दे. दोरीचीच गाठ आहे, सुटते."

मी काठी चिखलातून उपसली. तिच्यावर मी इतकी वर्षं कुरकुर केली होती, पण आता ती खाली टाकवेना, हातातच धरून राहिलो. पाणी थबकलेलं होतं, त्यामुळे होड्या आपणहून जवळ येणार नव्हत्या. चासिब उठला. त्याने आपली काठी काढून होडीत आडवी ठेवली, तळहात अंगरख्याला पुसले, आणि दोरी धरली. मला वाटलं तो तसाच उभा राहणार. पण त्याने ओढली. थोडी ओढायचा, थांबायचा, पुन्हा ओढायचा. थांबला की एकदा खाली, फावच्या दिशेला, बघून घ्यायचा. मदत करायला सगळ्यांचे हात शिवशिवत होते, आणि सगळ्यांनी ते आवरून धरले.

होड्या भिडल्या. त्याने गाठ मारली. मी म्हणालो, "देव लफ्तावर दया करो." लफ्ताच्या नावापुढे हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारले. हाजी उबैदने फातिहा सुरू केला आणि तो होडीहोडीतून पुढे येत आमच्यापर्यंत पोचला.

मग काठावरच्या बायका आल्या. एकामागून एक, होड्यांवरून चालत. ज्या विधवा तिला कधी आपल्यात बसवत नव्हत्या त्या सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी बद्रियावहिनीला चासिबच्या होडीत नेलं, मध्ये बसवलं, आणि ती रडली. म्हातारीसारखी नव्हे, काल लग्न झालेल्या पोरीसारखी मोठ्याने, लफ्ताचं नाव घेऊन. आईला शिव्या दिल्या, लॉरीला दिल्या, कोंबड्यांना दिल्या. कुणी तिला गप्प केलं नाही.

चासिबचं मात्र चहाचंच चाललं होतं. माणसं येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायची आणि तो त्यांना ग्लास द्यायचा. साखर किती, विचारायचा. लग्नघरचा यजमान असावा तसा धावपळ करत होता. किटली रिकामी झाली तरी तो ती ग्लासावर वाकडी करत राहिला.

"चासिब," बद्रियावहिनी रडता रडता म्हणाली, "ती किटली ठेव खाली. आता तूही रड."

त्याने किटली ठेवली. माझ्याकडे पाठ करून होडीच्या कडेवर बसला आणि मान खाली घातली. तोंडातून आवाज म्हणून काही आला नाही. पण आता आमच्या होड्यांमध्ये पाणी उरलं नव्हतं, आणि त्याचा एकेक हुंदका मला माझ्या पायाखालच्या फळीत लागत होता.