मामांची लांबची चिंच

देवाने माणसाला बाकीचं शरीर दिलं ते केवळ डोळे इकडून तिकडे न्यायला, असं ठामपणे मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. दिघाशीचे हे मामा राहनाळच्या एका गोदामात हेडक्लार्क होते. त्यांनीच मला तिथे चिकटवलं.

ऑफिस म्हणजे गोदामाच्या पोटात उभा केलेला काचेचा डबा. खिडकी औषधालासुद्धा नाही, डोक्यावर पांढरेफटक दिवे आणि एसीचा झोत थेट तोंडावर. "जावईबापू, बोंबील वाळत घालतात तसे डोळे वाळत घातलेत आपले," मामा म्हणत. दिव्यांचा उजेड अडवायला त्यांनी टेबलाला छत्री बांधली होती, भर एप्रिलात उघडी. शिवाय अधूनमधून ते "मिटा!" असं ओरडत आणि सगळं ऑफिस निमूटपणे डोळे मिटून बसे. एकदा नेमके तेव्हाच मालक आले. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"अजून कोण न्हाय," मामा डोळे न उघडता म्हणाले, "पण डोळे वाटेला लागलेत."

डोळ्याला रोज थोडं 'लांबचं' लागतं, हा त्यांचा मुख्य सिद्धांत. ऑफिसात सगळ्यात लांबची वस्तू म्हणजे पाण्याचा कूलर. म्हणून चहाआधी ते गोदामाच्या शटरपाशी जाऊन शेतापलीकडची एक चिंच बघत. ट्रक आडवा असला तर तो हटवायला लावत. माल उतरता उतरता राही, पण ड्रायव्हरच एकमेकांना हाका मारत, "चाचा का इमली टाइम हो गया, गाडी पीछे ले!"

मग समोरच्या शेतात नवं गोदाम उठू लागलं. मामांची झोप उडाली. छातीत दुखल्यावर माणूस घाबरतो तसे ते घाबरले होते. शेवटी मला घेऊन ते कंत्राटदाराकडे गेले. "भिंतीत एक भोक ठेवा. तुमचा माल न्हाय बघणार मी, चिंचेची शपथ." कंत्राटदार पोट धरून हसला. मला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

पत्र्याची भिंत झाली, चिंच दिसेनाशी झाली. मामा तरी रोज शटरपाशी जातच राहिले. मी एकदा विचारलं, "आता काय बघता?"

"हाय ती तिथंच. पत्रा मधी आलाय, एवढंच."

मामा आता निवृत्त होऊन दिघाशीला असतात. छत्री त्यांनी मला दिली. हल्ली डोळे चुरचुरले की मीही शटरपाशी जातो. परवा ट्रक आडवा होता. जुन्या ड्रायव्हरने मला पाहिलं आणि गाडी मागे घेतली. मामांची फार आठवण आली. समोर नुसता राखाडी पत्रा होता, पण ड्रायव्हरने एवढी गाडी हटवली होती, म्हणून मी मामांइतकाच वेळ लांब बघत उभा राहिलो.