निरंजनाभोवतीचं कडं

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाल्याच्या तराजूपासून नवसाला पावणाऱ्या देवापर्यंत मी कशावरच पटकन विश्वास ठेवत नाही. देवीच्या आरतीत निरंजनाभोवती रंगीत कडं दिसायला लागलं तेव्हाही मी आधी बाकीच्या बायांकडे पाहिलं. त्यांना काही दिसत नव्हतं. त्या वेळी माझं कपाळही ठणकायचं. जाऊबाईंना सांगितलं तर त्या माझ्या पायाच पडल्या, आणि बघता बघता अख्खं कामरगाव मला देवी दिसणारी बाई म्हणायला लागलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं.

एका मंगळवारी धनजची एक बाई ओटी भरायला आली. ओळख ना पाळख, आरतीनंतर माझ्याजवळ येऊन बसली.

"अवो बाई, लायटाभवती बी दिसते का असं रंगीत?"

"तुमाले काहून पायजे?"

"माह्या सासूले असंच दिसे. आमी तिच्या पाया पडत राह्यलो अन् तिचा एक डोया गेला. तपासून घ्या."

मला वाटलं, ही जळते. नाहीतर चष्म्याच्या दुकानाची दलाल असेल. घरी येऊन ओसरीवरचा बल्ब लावला. त्याच्याभोवतीही तेच कडं. रस्त्यावरून मोटारसायकल गेली, तिच्या दिव्याभोवतीही तेच. देवी मोटारसायकलवरून कशाला येईल? तेव्हा मात्र मी घाबरले.

कारंज्याला डोळे दाखवायला गेले, तर तिथल्या डॉक्टरीणबाईंवरही माझा संशय होताच. अक्षरं सगळी वाचता आली, मग पुढची तपासणी कशाला? त्यांनी मला एका यंत्रापुढे बसवलं आणि म्हणाल्या, "हनुवटी टेकवा, कपाळ टेकवा, हलू नका." इतक्या निमूटपणे मी कोणत्याच देवापुढे कपाळ टेकलं नव्हतं. डोळ्यांतला दाब वाढला होता. काचबिंदू. "नीट दिसत असलं तरी दाब तपासायचा असतो," त्या म्हणाल्या. "गेलेली नजर परत येत नाही. तुमची अजून शाबूत आहे." लेझर झालं. आता दर वर्षी न चुकता तिथे कपाळ टेकून येते.

जाऊबाई म्हणतात, धनजची ती बाई म्हणजे देवीच. मला शंका आहे, देवीला सासू कुठून असणार? पण तिला त्या दिवशी माझ्याजवळ कोणी बसवलं, याबद्दल मी संशय घेत नाही. हात जोडते.

आता आरतीत कडं दिसत नाही. साधी ज्योत दिसते, आणि तिच्यामागे देवीचा चेहरा. इतके दिवस मी तो पाहिलाच नव्हता.