बाप्पाचं हेल्मेट

गणपतीची मूर्ती आणायला आम्ही दोघं मोटारसायकलवरून रोह्याहून पेणला गेलो होतो. माझं हेल्मेट धड होतं, पण ह्यांचं तडकलेलं. म्हणून ह्यांना आधी हेल्मेटच्या दुकानात ओढत नेलं. एक कानाला लागतं, दुसऱ्यात घाम येतो, तिसऱ्यात म्हणे हॉर्न ऐकू येत नाय! पसंत पडलं ते इतकं सैल की मान हलवली तर नाकावर यायचं. माझं डोकं उठलं. शेवटी गालांना घट्ट बसणारं, तरी आत वारा खेळणारं एक मीच निवडलं आणि ह्यांच्या डोक्यावर चढवलं.

मग कारखान्यातून वीतभर उंचीची शाडूची मूर्ती घेतली. रामवाडीला हायवेचे खड्डे सुरू होताच ह्यांनी गाडी थांबवली. नवं हेल्मेट काढून उलटं धरलं, मूर्ती अलगद आत बसवली आणि माझ्या मांडीवर दिली. "मऊ गादी हाय आत. धक्का लागायचा नाय."

"अहो, आणि तुमचं डोकं?"

"माझी काळजी बाप्पाला हाय गो!"

म्हणजे ह्यांचं डोकं बाप्पाच्या भरवशावर, आणि बाप्पा मात्र हेल्मेटच्या!