तलावातलं माणिक

गोंदियाच्या बाजारात माझं खड्यांचं दुकान आहे. दुकान केवढं, तर गिऱ्हाईक आत आलं की मला श्वास रोखून धरावा लागतो. पण त्या एवढ्याशा जागेत बसून मी निम्म्या जिल्ह्याचे ग्रह वळणावर आणले आहेत. शनी तर मला बघून रस्ता बदलतो. गिऱ्हाइकाला नुसता खडा पुरत नाही, त्याची जन्मकथाही लागते. ती मी फुकट देतो आणि जागच्या जागी बनवतो. लसण्या या खड्याला लसण्या का म्हणतात, याची मी आजवर दिलेली उत्तरं एकापुढे एक ठेवली तर रांग शेजारच्या कुडवा गावापर्यंत जाईल.

एकदा संस्कृत शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी पुष्कराज बघायला आले. मी त्यांना ठोकून दिलं की रत्न हा शब्द एका राणीच्या पोपटावरून आला. गुरुजींनी शांतपणे चष्मा पुसला. म्हणाले, पंडित सांगतात, ज्यात मन रमतं ते रत्न. पण त्याहून मागे गेलं तर मूळ बहुधा ‘रा’ या धातूत आहे, आणि रा म्हणजे देणं. आधी रत्न म्हणजे दिलेली वस्तू, देणगी, धन. दगडाला ते नाव फार पुढे मिळालं. एवढं बोलून पुष्कराज न घेताच गेले. राग आला, पण त्यांनी सांगितलेला अर्थ हा माल चांगला होता. दुसऱ्या दिवसापासून मी तो माझाच म्हणून खपवू लागलो.

बाईलाही तो दिला. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. मी रांगत असताना आई गेली, तेव्हापासून हिनेच मला वाढवलं. आमचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. लहानपणी मी तिला थाप मारली होती की पणजोबांना तलाव खोदताना बोराएवढं माणिक सापडलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “अजून मोठं कर.” झालं. ती लग्न होऊन अर्जुनी मोरगावकडे गेली, म्हातारी झाली, आणि दर भेटीला माणिक वाढत गेलं. बोराचं बेल झालं, बेलाचं कोहळं. त्याच्या उजेडाने कोंबडे झोपेनात, मासे तलाव सोडून पाळीवर, म्हणजे बांधावर, बसायला लागले. ती हसायची आणि तेच म्हणायची.

रत्नाचा अर्थ सांगितला तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. जरा विचार करून म्हणाली, “मंग तू त जलमभर रत्नच देऊन रायला मले. थापा.”

आमच्याकडे माणूस जाताना त्याच्या तोंडात पंचरत्न घालतात: सोन्याचा कण, मोती, पोवळं, असं काय काय. बाजारात त्याची पुडी मिळते. मीही विकतो. बाईला ते ठाऊक होतं.

“तुह्या पुडीतलं पोवळं पलाश्टिकचं रायते,” ती म्हणाली.

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की तिच्यासाठी अस्सल माणिक आणीन, ब्रह्मदेशातलं, हत्तीवरून.

“दगड कायले पायजे मले? तोंडात नोको, कानात दे. तलावातल्या माणकाची गोष्ट सांग. ते आयकत आयकत जातो मी. येशील ना, बाबू?”

येईन म्हटलं. तेवढी एक गोष्ट मी न वाढवता बोललो.

भाऊजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला गोमेद दाखवत होतो. खडा तसाच त्याच्या तळहातावर सोडून स्टेशन गाठलं. गाडी निघाली आणि मधल्या एका स्टेशनात मालगाडीला वाट देत उभी राहिली. एवढी लांब मालगाडी पृथ्वीवर दुसरी नसेल. तिचा शेवटचा डबा यायच्या आत माझे केस पिकले असतील.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. बाईचा श्वास घशात अडकत होता. डोळे मिटलेले. भाऊजींनी पुडी सोडून तळहातावर घेतली होती. मी म्हटलं, थांबा थोडं. तिच्या कानाशी वाकलो. कसंबसं सांगितलं की पणजोबांनी तलाव खोदला, आणि तिथे बोराएवढं माणिक निघालं.

बाईच्या भुवया जवळ आल्या. तोंडाला कोरड होती, शब्द नव्हता, पण मला ती नाराजी माहीत होती. घाईघाईने मी ते बेलाएवढं केलं. कोहळ्याएवढं केलं. भुवया सैल झाल्या. मग मला थांबवेना. शंभर माणसं लावली, दोर बांधले, बैल जुंपले, कोंबडे जागे ठेवले. भाऊजी तोंडावर पंचा धरून उभे होते.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “बाबू, गेली ते.”

माणिक तेव्हा हत्तीएवढं झालं होतं, आणि अजून पाळीवर चढायचं होतं. भाऊजींनी रिवाजाप्रमाणे पुडीतलं पंचरत्न तिच्या तोंडात सोडलं. मी तिच्या कानाशी वाकलेलाच राहिलो आणि माणिक पाळीवर चढवलं.