आठवा दिवस

शुक्रवारी दुपारी आई काळ्या मनुका काचेच्या बरणीत भिजत घाली आणि ती बरणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवी. संध्याकाळपर्यंत सुरकुतलेल्या मनुका टपोऱ्या होत, पाण्याला गडद तांबूस रंग चढे आणि दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत एक गोडसर, किंचित आंबूस गंध भरून राही... रुळांवरून येणारी धूळ, शेजारची लसणाची फोडणी, पपांच्या कपड्यांना चिकटलेला मशीनच्या तेलाचा वास — या सगळ्यांतूनही तो वेगळा ओळखू येई. सूर्य मावळायच्या आधी आई दिवा लावी, डोक्यावर पदर घेई, त्या मनुकांचं सरबत पेल्यात ओती आणि हिब्रू प्रार्थना पुटपुटे. पपा तेवढा वेळ हातातलं वर्तमानपत्र मिटून गप्प बसत. रविवारी सकाळी मात्र पपा आणि मी चर्चला जात असू, आणि आई घरी राही.

आई बेने इस्राएल — पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहून मराठी झालेल्या ज्यू कुटुंबातली. पपा मराठी ख्रिस्ती. दोघांचं लग्न जुळलं ते शालोममामामुळे. मामा आईचा थोरला भाऊ, आणि पिंपरीच्या एका कारखान्यात पपांच्या शेजारच्या लेथवर कामाला. कारखाना आठवडाभर चाले. शनिवारी मामाला काम वर्ज्य, रविवारी पपांना चर्च. म्हणून शनिवारी मामाचं मशीन पपा सांभाळत आणि रविवारी पपांचं मामा. सुपरवायझरला सांगून झालेली ही अदलाबदल. तीतून मैत्री झाली, मैत्रीतून घरी येणं-जाणं, आणि मग आई.

शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, संपला की मामा आमच्याकडे येई. पपांना कोळंबी प्रिय. आई ती गॅलरीतल्या वेगळ्या स्टोव्हवर, वेगळ्या कढईत करी, पण स्वतः खात नसे. पाण्यातलं खवले नसलेलं काही ज्यू माणसानं खायचं नाही, हा नियम. मामा पपांच्या ताटाकडे बघून हसे.

"खा रे प्रभाकर, खा. तुला मनाई नाही. सिनाय पर्वताखाली देवाच्या आज्ञा ऐकायला तुझे पूर्वज उभे नव्हते. उभे होते आमचे."

"मग एवढं ओझं वाहून दमले नाहीत का तुमचे?" पपा विचारत. "आमच्या प्रभूनं ते उतरवलं, शालोम. तुझंही उतरवलंय. तूच खाली ठेवत नाहीस."

"ते ओझं नाही. करार आहे. दिलेला शब्द पाळायचा असतो."

असं ते चाले, चहाचे कप निवेपर्यंत. मला पुष्कळ वर्षांनी उमगलं, की पपांच्या बाबतीत त्या दोघांचं मुळात एकमतच होतं. सिनायवर मोशेला मिळालेलं नियमशास्त्र पपांना लागू नाही, असं मामाही म्हणे आणि पपाही. मामाच्या मते ते इतरांसाठी कधी नव्हतंच. पपांच्या मते ते आता कुणासाठीच उरलं नव्हतं. त्या फरकानं कुणाच्या ताटातलं काही बदलत नव्हतं, म्हणून भांडण चवीपुरतं राही.

मी नऊ वर्षांची असताना माझा भाऊ जन्मला, आणि तो फरक घरात येऊन बसला.

ज्यू नियमाप्रमाणे आई ज्यू तर मूल ज्यू. मुलगा असेल तर आठव्या दिवशी त्याची सुंता झालीच पाहिजे. माझ्या जन्माच्या वेळी हा प्रश्न उठला नव्हता. माझा बाप्तिस्मा झाला तेव्हा मामा चर्चबाहेर थांबला होता आणि नंतर घरी येऊन केक खाऊन गेला होता, असं आई सांगे. मुलगी, तिच्या देहावर कोरायची काही खूण नव्हती. माझ्यासाठी कुणी भांडलं नव्हतं... हे भावाच्या वेळी मला चांगलंच बोचलं होतं.

ते आठ दिवस मला वासांतून आठवतात. बाळंतशेप, ओव्याची धुरी, तिळाचं तेल, दोरीवर वाळणारी दुपटी. आणि बाहेरच्या खोलीत दोन माणसांचे चढत जाणारे आवाज. मामा रोज येई. "पोरगा लीलाचा आहे. त्याला हे लागू आहे, तुला पटो न पटो." पपा म्हणत, "तो माझाही आहे. शरीरावर खूण करून देव प्रसन्न होत नाही." पपांच्या बाजूनं पाद्रीबाबा येऊन गेले, मामाच्या बाजूनं पुण्याचे एक वृद्ध गृहस्थ. आत आई भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजत असे.

आठव्या दिवशी सकाळी मामा त्या वृद्ध गृहस्थांना घेऊन आला. त्यांच्या हातात सुंतेच्या हत्यारांची चामड्याची लहानशी पेटी होती. पपा रजा घेऊन दारात उभे होते.

"बाजूला हो, प्रभाकर."

"माझ्या घरात हे होणार नाही."

मग आतून आईचा आवाज आला, मुळीच न चढवलेला.

"दादा, आत ये. तुम्हीही या. या आजोबांना बसायला खुर्ची दे गं."

मी खुर्ची दिली. आई बाजेवर उठून बसली होती, बाळ मांडीवर झोपलेलं.

"आठ दिवस तुम्ही दोघं याच्यावरून भांडताय," ती म्हणाली. "याला नाव काय आहे?"

अजून ठेवलंच नव्हतं. नाव एकाकडे सुंतेच्या वेळी ठेवतात, दुसऱ्याकडे बाप्तिस्म्याच्या. त्यामुळे आठ दिवस तो नुसता 'पोरगा' होता.

"नाव मी ठेवते. आनंद. याची सुंता होणार नाही आणि याच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणीही पडणार नाही. मोठा झाला की त्याला विचारा."

"लीले, आज्ञा आठव्या दिवसाची आहे. मोठं झाल्यावरची नाही," मामा म्हणाला. "तू त्याला आपल्या माणसांतून तोडते आहेस."

"माझ्या पोटी आलाय तो. तुझंच शास्त्र सांगतं ना, आईवरून ठरतं? मग मला तोडता येईल का?"

मामानं त्या वृद्ध गृहस्थांचा हात धरला आणि चहा न घेताच दोघं निघून गेले. पपा जिंकल्यासारखे दिसत नव्हते.

त्यानंतर मामा आमच्या घरी आला नाही. पण — हे मला पपांनीच पुढे सांगितलं — शनिवारी पपा मामाचं मशीन चालवत राहिले आणि रविवारी मामा पपांचं. शेजारी उभं राहून वर्षानुवर्षं एकमेकांशी अक्षर न बोलता! पुढे मामा सहकुटुंब इस्रायलला गेला. पपा निरोपाला गेले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत. तिकडेच काही वर्षांनी मामा वारला.

आनंद मोठा झाला. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्यानंही स्वतःहून काही ठरवलं नाही. चाकणला एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात लागला. रविवारी मित्रांबरोबर क्रिकेट, शनिवारी बहुधा ओव्हरटाइम. आई आजारी पडली तेव्हा तो आणि मी आळीपाळीनं दवाखान्यात बसत असू. एका दुपारी तिनं पपांना जवळ बोलावलं. "मला माझ्या माणसांत ठेवा," इतकंच म्हणाली. पपांनी दापोडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत दोघांसाठी शेजारशेजारची जागा मनात धरली होती, हे मला माहीत होतं. ते म्हणाले, "ठेवतो."

पुण्याच्या ज्यू दफनभूमीत त्या सकाळी थोडीच माणसं जमली. बरेच जण केव्हाच देश सोडून गेलेले. कद्दीश, म्हणजे मागे राहिलेल्यांनी म्हणायची प्रार्थना, त्यासाठी दहा प्रौढ ज्यू पुरुष लागतात. एका काकांनी बोटानं मोजलं. नऊ. पुन्हा मोजलं. नऊच.

मग त्यांनी आनंदकडे पाहिलं. "तू लीलाचा मुलगा ना?"

"हो. पण काका... माझं काही झालेलं नाही."

"आई बेने इस्राएल होती ना? मग झाले दहा. ये."

त्यांनी खिशातून एक टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. आनंद त्या वर्तुळात जाऊन उभा राहिला. माझी आई तीच. पण स्त्रियांना त्या दहांत मोजत नव्हते, म्हणून मी बाहेर होते. पपाही बाहेर होते, माझा हात घट्ट धरून. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईच्या थडग्यापाशी त्यांची गणती नव्हती, आणि त्याबद्दल तक्रार करावी असं त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

परतताना गाडीत, बोपोडी मागे पडल्यावर, पपांनी आनंदला विचारलं, "काय म्हणालास तिथे?"

"मला येतच नाही ते, पपा. बाकीचे थांबले की आमेन म्हणत होतो."

"मीही तेवढंच म्हणत होतो," पपा म्हणाले.

आता पपाही नाहीत. ते दापोडीत आहेत, शेजारच्या रिकाम्या जागेसकट. आनंदनं कद्दीश देवनागरीत लिहून मोबाइलमध्ये ठेवली आहे. आईच्या स्मृतिदिनी तो पुण्याला जातो आणि दहा माणसं जमली तर म्हणतो. पपांच्या थडग्यावर फुलं ठेवायला मी जाते, त्यांच्या चर्चमधल्या माणसांबरोबर. दोन्हीकडे जाऊन यायला एक सकाळ पुरते. अजून आम्ही एकाच दिवशी दोन्हीकडे गेलेलो नाही.